बॅटरी नवी, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ मारला की एकच 'टक'. नक्की काय तपासावं?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

नमस्कार. गाडीवर आणखी खर्च करण्याआधी जाणकारांचं मत हवंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडी २०१४ ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, हाताने गिअर टाकायची, चावीवर चालू होणारी. माझी शाळा गुहागर रस्त्याला आहे. सकाळच्या एसटीची वेळ जुळत नाही, त्यामुळे गाडीशिवाय भागत नाही.

गणपती गेल्यावर त्रास सुरू झाला. सकाळी चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची घरघरही ऐकू येते. सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मारला की मात्र बॉनेटखाली एकच 'टक'. इंजिन फिरत नाही. परत मारला की परत 'टक'. असं करता करता मधेच कधीतरी लागते आणि मग दिवसभर काही झालंच नाही अशी चालते. पाऊस लागून राहिला असेल तर त्रास जास्त. दुपारी शाळेतून निघताना बहुतेकदा पहिल्याच फटक्यात लागते.

गॅरेजवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी स्वतःच्या गाडीवरून जंपर (दोन बॅटऱ्या जोडायच्या लाल-काळ्या जाड वायरी) लावला आणि गाडी झटक्यात चालू झाली. बॅटरी संपली म्हणाले. जुनी बॅटरी चार वर्षांची होती, त्यामुळे पटलंही. नवी ३५ अँपिअर-अवरची घातली. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. आता म्हणतात सेल्फ गेला, नव्याचे साडेआठ हजार. दुसऱ्या एकांचं मत असं की डायनामो बॅटरी चार्ज करत नाही, तोच बदला.

आणखी एक, याचा संबंध आहे का ते तुम्हीच सांगा. याच दिवसांत क्लच जड झाला म्हणून केबल बदलून घेतली. जुनी केबल हातात घेऊन पाहिली तर आतलं प्लास्टिक एका जागी वितळून तारेला चिकटलं होतं. जुनी झाली की असं होतं, असं सांगण्यात आलं.

मी विज्ञान शिकवते, घरी साधा मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. कुठे काय मोजायचं ते सांगा, मी आकडे टाकते.

हायवे६६, महाड

ताई, एकच टक म्हणजे सेल्फचे कार्बन (आत घासत करंट पोचवणारे तुकडे) संपलेत. माझ्या गाडीला हेच होत होतं. एकाला सेल्फ मारायला सांगा आणि दुसऱ्याने सेल्फच्या बॉडीवर लांब पान्याने हळूच ठोकायचं. लागली तर सेल्फच समजा. पूर्ण नवा घ्यायची गरज नाही. चांगल्या वायरमनकडे कार्बन आणि बुश बदलून मिळतात, कितीतरी स्वस्तात काम होतं. माझा अजून तोच सेल्फ चालू आहे.

कर्नाळा_पायथा, पनवेल

याच धाग्यात विचारतो. माझीही गाडी चालू होत नाही, पण माझ्याकडे सेल्फ जोरात फिरतो, इंजिन फक्त पकडत नाही. काल रात्रीपर्यंत ठीक होती. पार्किंगमध्ये उंदीर आहेत. बॅटरी बदलू का?

उद्यमनगर_वायरमन, कोल्हापूर

वाशिष्ठीकाठ ताई, गडबड करू नका. सेल्फची ऑर्डर दिली असेल तर थांबवा. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी वाचून माझ्या मनात बॅटरी, सेल्फ, डायनामो यातलं काहीच पहिलं येत नाही. पहिलं येतं ते इंजिनाचं अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसशी असलेली त्याची जोडणी.

उद्यमनगरात आमचं सेल्फ-डायनामोचंच दुकान आहे, वडिलांपासूनचं. तिथे लोक सेल्फ खोलून पिशवीत घालून आणतात, आम्ही बेंचवर लावला की तो मस्त फिरतो, आणि त्यांना पटत नाही. म्हणून सगळं नीट सांगतो.

पहिली गोष्ट जंपरची. त्या दादांनी काळा चिमटा कुठे लावला होता ते आठवतंय का? ज्याला काम येतं तो माणूस काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला लावत नाही, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावतो. ते बरोबरच आहे, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तिथे ठिणगी नको. पण तसा लावल्यावर सेल्फमधून गेलेला करंट इंजिनातून थेट जंपरमध्ये शिरतो आणि त्यांच्या बॅटरीकडे परत जातो. तुमच्या गाडीच्या अर्थ केबलवर त्याचं कामच पडत नाही. ती केबल आतून मेलेली असली तरी गाडी लागणार. मग बघणाऱ्याला वाटतं, दुसरी बॅटरी जोडल्यावर लागली म्हणजे हिची बॅटरी संपली होती. या एका गोष्टीमुळे किती चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात हे मी रोज बघतो आणि वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट तुमची क्लच केबल. ती जुनी होऊन वितळली नाही, भाजली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने सुटं. त्याला बॅटरीच्या मायनसशी जोडते ती एक जाड केबल, बहुतेक छोट्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या बोल्टला येते. ती खराब झाली की सेल्फचा करंट बॉडीपर्यंत पोचायला दुसरी वाट शोधतो. क्लचच्या केबलमध्ये पोलादी तार असते, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमध्ये असते, तिथून तो जातो. बारीक तारेतून एवढा करंट गेल्यावर ती तापणारच. पुढच्या वेळी सेल्फ मारून झाल्यावर नव्या क्लच केबलला हात लावून बघा, जपून.

मग हॉर्न आणि दिवे कसे चालतात? त्यांचा मायनस बॉडीला आहे आणि बॉडीला बॅटरीतून वेगळी केबल आलेली आहे. शिवाय हॉर्न खाऊन खाऊन किती खाणार, पाचएक अँपिअर. सेल्फला इंजिन हलवायला शंभराच्या वर लागतात. म्हणून हॉर्न वाजतो याचा अर्थ सेल्फची लाइन चांगली आहे असा कधीच घ्यायचा नाही.

आता मोजणी. ओहमवर लावून केबल तपासायच्या फंदात पडू नका. शंभर तारांतल्या दहाच शाबूत असल्या तरी साधा मीटर शून्यच दाखवणार. तुंबलेल्या पाइपाचा नळ बंद असताना दाब पूर्ण दिसतो, नळ सोडला की धार करंगळीएवढी, तसंच हे. नळ सोडूनच बघायचं, म्हणजे सेल्फ मारत असतानाच मोजायचं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. अँपिअरच्या भोकात वायर चुकूनही नको.

आधी सकाळी, गाडीला हात लावायच्या आत, बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या खुंट्यांवर मोजा. क्लॅम्पवर (खुंटीवर बसणाऱ्या केबलच्या पकडीवर) नाही, खुंटीवर. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्याच दोन खुंट्यांवर आकडा बघा. चांगली बॅटरी ९.६ च्या खाली जात नाही.

आणि आता खरी मोजणी. मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनस खुंटीवर, लाल वायर इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या उघड्या, बिनरंगाच्या धातूवर. सेल्फ मारा. केबल ठणठणीत असेल तर ०.२ व्होल्टच्या आसपास दिसेल. ०.५ च्या वर गेला तर दोष त्याच वाटेत आहे. तुमच्याकडे तो बराच जास्त येईल असा माझा अंदाज.

शेवटची तपासणी मीटरशिवाय. जंपरची फक्त काळी वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. दुसरी गाडी नको, लाल वायर नको. सेल्फ मारा. लागली तर तुमचे साडेआठ हजार वाचले.

हे करताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असू द्या. अंगठी, धातूच्या बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा. प्लसची खुंटी आणि बॉडी यांच्यामध्ये धातू आला तर अंगठी क्षणात लाल होते, हात भाजतो. ओढणी, वेणी पट्ट्यापासून लांब, कारण गाडी अचानक लागू शकते. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा.

हायवे६६, कार्बन संपले की ठोकल्यावर लागते हे खरं आहे आणि नव्या सेल्फऐवजी कार्बन टाका हा सल्लाही चांगला आहे. पण ठोकल्याच्या हादऱ्याने गिअरबॉक्सवरचा ढिला लगही (केबलच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची चकती) क्षणभर पकडतो. म्हणून आधी मीटर, मग पाना.

पनवेलकर, तुमचा सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी, अर्थिंग, सेल्फ तिन्ही चांगले. बॅटरी बदलू नका. चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा दोनएक सेकंद आवाज येतो का, आणि चावीचं चिन्ह असलेला दिवा लुकलुकत राहतो का, हे दोन बघून सांगा. नंतर टॉर्च घेऊन इंजेक्टरच्या आणि क्रँक सेन्सरच्या (इंजिनाचं फिरणं ओळखणाऱ्या) वायरी बघा. उंदीर बहुतेक इंजिनाच्या उबेला येऊन तिथेच बसतात. लेंड्या सापडल्या की आजूबाजूची वायर बोटाने चाचपा.

ताई, एक राहिलं. चिपळूणची गाडी आहे म्हणून विचारतो. २०२१ च्या पुरात ती होती का?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

होती. २२ जुलैच्या पहाटे पाणी चढायला लागलं तेव्हा माझ्या मुलीने गाडी गल्लीतल्या त्यातल्या त्यात उंच जागी नेऊन लावली. बाजारपेठेच्या बाजूला ज्यांच्या गाड्या होत्या त्यांच्या टपापर्यंत पाणी गेलं. आमची बंपर बुडेपर्यंत. बॅटरी वर असल्यामुळे कोरडी राहिली. चिखल धुतला, इंजिनाचं आणि गिअरचं ऑइल बदललं, सीट काढून वाळवल्या. त्यानंतर गाडीने कधी त्रास दिला नाही, म्हणून पहिल्या पोस्टमध्ये पुराचा उल्लेख डोक्यातही आला नाही.

आज सकाळचे आकडे देते. रात्रभर पाऊस होता, म्हणजे गाडी नेमकी रुसलेलीच होती.

बॅटरीच्या खुंट्यांवर, काही न लावता: १२.३१. सेल्फ मारताना, एकच टक झाला तेव्हा: ११.०८. मायनस खुंटी ते गिअरबॉक्सचं आवरण, सेल्फ मारताना: ५.४२ व्होल्ट. मला वाटलं टोक नीट टेकलं नाही, म्हणून दुसऱ्या जागी धातू खरवडून परत घेतला. ५.३९.

म्हणजे बॅटरी ११ व्होल्ट देतेय आणि त्यातले जवळजवळ अर्धे परतीच्या वाटेतच जाताहेत. सेल्फच्या वाट्याला साडेपाच. बिचारा फिरणार कसा!

मग शेजाऱ्यांकडून जंपर आणला. फक्त काळी वायर, मायनस ते इंजिन. पहिल्याच फटक्यात चालू. मुलगी ओरडलीच. या वेळी सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४ आणि मायनस ते गिअरबॉक्स ०.४१.

तुम्ही न सांगितलेली एक मोजणीही केली, चुकत असेल तर सांगा. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा लावलेला. जंपर काढल्यावर बॅटरीवर १३.२, आणि मायनस ते इंजिन ०.९. जंपर परत लावल्यावर बॅटरीवर १४ च्या वर. म्हणजे डायनामोही ठीक आहे ना?

आणि हो, क्लचची नवी केबल. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर हात लावला. इंजिन तेव्हा गार होतं आणि केबल गरम.

आता प्रश्न: गिअरबॉक्सला जाणारी ती केबल मी नीट पाहिली. वरून काळं आवरण एकदम चांगलं आहे, तडा नाही, जळल्याची खूण नाही. बोल्टला थोडा गंज आहे, तेवढाच. नुसता बोल्ट साफ करून चालेल का?

हायवे६६, महाड

५.४२! मी माझं म्हणणं मागे घेतो. आमच्याकडेही त्याच पुरात बुडालेल्या गाड्या आहेत. आज संध्याकाळी भावाची गाडी मोजतो.

उद्यमनगर_वायरमन, कोल्हापूर

ताई, असे आकडे मिळाले की काम करायला आनंद वाटतो. डायनामोची मोजणी तर नेमकी केलीत. १३.२ आणि ०.९ मिळवा, १४.१ होतात. म्हणजे डायनामो १४.१ देतोय, बॅटरीपर्यंत १३.२ पोचतात. सेल्फची परतीची वाट तीच डायनामोची. त्यामुळे तुमची नवी बॅटरी पहिल्या दिवसापासून अर्धपोटी राहिली, म्हणून सकाळी १२.३. नवी घातल्यावर काही दिवस बरे गेले ते याचमुळे: भरलेली आली होती, तोवर रेटून नेलं.

आता केबलमध्ये दोष कुठे, ते तुकड्या-तुकड्याने काढा. काळी वायर मायनस खुंटीवर कायम. लाल वायर आधी क्लॅम्पवर, मग गिअरबॉक्सकडच्या लगच्या पितळी चपट्या भागावर, मग लगला लागून असलेल्या बोल्टच्या डोक्यावर, शेवटी गिअरबॉक्सच्या धातूवर. प्रत्येक वेळी सेल्फ मारायचा. आकडा जिथे उडी मारतो, दोष त्याच्या अलीकडच्या तुकड्यात. गंज फक्त बोल्टला असेल तर लगपर्यंत ०.१ येईल आणि तिथून पुढे एकदम पाच. तसं आलं तर पॉलिश पेपरने साफ करून भागेल.

पण तसं येईल असं मला वाटत नाही. २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडे पंचगंगेत बुडालेल्या गाड्यांची रांग लागली होती. लगेच आलेल्या गाड्यांचं काम सोपं होतं. जास्त त्रास पुढच्या दोन-तीन वर्षांत आलेल्या गाड्यांनी दिला. केबलचा गिअरबॉक्सकडचा लग खाली असतो, तो पाण्यात बुडतो. केबल म्हणजे बारीक तांब्याच्या तारांचा जुडगा, त्यांच्यामधल्या फटींतून पाणी आवरणाच्या आत वर चढतं आणि तिथेच राहतं. बाहेर यायला वाट नाही, वाळायला हवा नाही. आत तांबं हिरवं होत जातं, वरून रबर नवंकोरं. पावसाळी हवेत तोच भाग आणखी दमट होतो. दुपारी इंजिनाच्या उबेने थोडा सुकला की गाडी लागते. तुमची सकाळ-दुपारची तक्रार अशी जुळते.

केबल काढताना बॅटरीचा मायनस क्लॅम्प पहिला सोडा. लावताना तो सगळ्यात शेवटी. बोटांनी केबल लगपासून वीतभर दाबत जा. चांगली केबल लवचिक लागते, सडलेली आतून कुरकुरते.

मुठेकाठी, पुणे

एक शंका. जंपरची काळी वायर लावल्यावर सगळं ठीक होतंय, तर जुनी केबल तशीच ठेवून शेजारून एक जादा केबल टाकली तर? काढाकाढी वाचेल. बाजारात अर्थिंग किट म्हणून रंगीत वायरींचा संच मिळतो, तो बसवू का माझ्याही गाडीला?

उद्यमनगर_वायरमन, कोल्हापूर

रस्त्यात अडकलात तर जादा केबल टाकून घरी या, काही हरकत नाही. कायमचं काम म्हणून नको. सडलेली केबल आत राहिली की पुढच्या माणसाला कळत नाही कोणती वायर काम करतेय, आणि एका क्लॅम्पखाली दोन लग कोंबले की तिथे ढिलेपणा येतो. काढायला दोन बोल्ट आहेत, काढावी.

रंगीत किट बघितलेत. बऱ्याचशांत रबर जाड आणि तांबं बारीक. तुमची गाडी नीट लागत असेल आणि मोजल्यावर ०.२ येत असेल तर त्यात बसवायला काही उरत नाही. आकडा वाईट असेल तर मूळची एक केबल चांगली करणं बरं.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

काम झालं. जसं घडलं तसं लिहिते.

सेल्फ मारताना क्लॅम्पपर्यंत ०.०३. लगच्या चपट्या भागावर ५.१. म्हणजे बोल्टचा दोष नव्हता, सगळं केबलच्या आतच. गॅरेजवाल्या दादांना फोनवर आकडे सांगितले, तर ते स्वतःच आले. त्यांनी मायनस सोडला, केबल काढली आणि हातात घेऊन लगाजवळ वाकवली. आतून वाळू चुरडल्यासारखा आवाज आला. कटरने आवरण लांबीला चिरलं. लगपासून चार-पाच बोटं तांबं तांबं राहिलंच नव्हतं. हिरवट-पांढरी पूड होती आणि तिच्यात काळ्या पडलेल्या तारा, नखाने ओढल्या की तुटत होत्या. लगच्या नळीत मोजक्याच तारा चमकत होत्या. बॅटरीकडचा अर्धा भाग मात्र लालसर, अगदी स्वच्छ. दादा बराच वेळ ती केबल उलटीसुलटी करून बघत राहिले. आता कुठल्याही गाडीला जंपर लावला की लागलीच काळी वायर एकटी लावून बघणार, असं म्हणाले.

तो तुकडा मी ठेवून घेतलाय. नववीला धाराविद्युत शिकवताना रोध म्हणजे काय हे फळ्यावर सांगावं लागतं. हा तुकडा आणि आजचे आकडे मुलांसमोर ठेवणार आहे.

केबल कोणती घ्यावी यावर इथे अडलंय. सध्या दादांनी त्यांच्याकडची वेल्डिंगची केबल तात्पुरती लावून दिली आहे, लग हातोडीने चेपलाय. आकडा ०.२८ आला, गाडी लगेच लागते. हीच कायम ठेवू का? आणि बॅटरीचं काय, तिला काही करावं लागेल का? सेल्फही पुरात बुडाला होता, तो उघडून घ्यावा का?

उद्यमनगर_वायरमन, कोल्हापूर

छान झालं ताई. त्या दादांना नमस्कार सांगा. स्वतः येऊन केबल चिरून बघणारा माणूस चांगला कारागीर आहे, त्याला सोडू नका.

वेल्डिंगची केबल वाईट नसते, तिच्यात तांबं भरपूर असतं. अडचण हातोडीच्या लगची. चेपताना तारांमध्ये फट राहते आणि चिपळूणच्या हवेत तिथूनच परत सुरुवात होणार. बॅटरीच्या दुकानात दाबयंत्रावर लग बसवून देतात, तिथे करून घ्या. तांब्याची २५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक केबल नको, जुनीएवढ्याच लांबीची. तांब्याचाच लग. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल मिळते, ती घेऊ नका. टोक चाकूने खरवडून बघितलं की आतला पांढरा रंग कळतो. लग बसल्यावर नळीच्या तोंडावर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवून घ्या, आतून गोंद असलेली. तुमच्याकडे पाणी वर चढलं ते याच तोंडातून.

गिअरबॉक्सवर लग जिथे टेकतो ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, कोरडी असतानाच बोल्ट आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन चोपडा. आधी लावायचं नाही. परत मोजा. ०.१५ च्या आत आला पाहिजे.

बॅटरीला एकदा बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. ३५ ची बॅटरी आहे, साडेतीन अँपिअरवर रात्रभर, हवेशीर जागेत. अर्धी भरलेली शिशाची बॅटरी तशीच वापरत राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती पूर्ण भरतच नाही. तुमची अजून वाचेल, नवी आहे. भरून उतरवल्यावर काही तास तशीच ठेवून मोजा, १२.६ दिसले की विषय संपला.

सेल्फ उघडू नका. साडेपाच व्होल्टवर त्याची किती वेळा परीक्षा झालीये, आणि पूर्ण व्होल्टेज मिळाल्याबरोबर पहिल्या फटक्यात फिरला. पुढे कधी किरकिर आवाज आला किंवा फिरणं मंदावलं तर बुश आणि कार्बन बघू. त्याऐवजी बॉडीला जाणारी बारीक अर्थ केबल बघा, तिचा बॉडीकडचा बोल्ट खाली असेल तर तीही त्याच पाण्यात होती. इंजिन चालू, सगळे दिवे लावून, मायनस खुंटी ते बॉडीचा उघडा धातू मोजा. ०.१ च्या वर असेल तर तीही बदला. आणि नव्या क्लच केबलचं आवरण एकदा तपासून घ्या, तीही काही वेळा तापलीच आहे. क्लच जड वाटला तर तिच्यासाठी थांबू नका, घाटात तुटली तर पंचाईत होईल.

पनवेलकर, तुमचं काय झालं? पंपाचा आवाज येतो का?

कर्नाळा_पायथा, पनवेल

पंपाचा आवाज येतोय, चावीचा दिवा लागून विझतोय. टॉर्च घेऊन बघितलं. इंजिनाच्या मागच्या बाजूला सुपारीची साल आणि कापसाचं घरटं सापडलं, आणि त्याच्या शेजारी सेन्सरच्या दोनपैकी एक वायर पूर्ण कुरतडलेली. वायरमनला संध्याकाळी बोलावलंय. नुसता टेप गुंडाळून चालेल का?

उद्यमनगर_वायरमन, कोल्हापूर

नुसता टेप नको. वायर दोन्हीकडे चांगल्या तांब्यापर्यंत कापायला सांगा, मधे त्याच जाडीचा तुकडा डाखवा, स्लीव्ह चढवा, वरून नळी घाला. बॅटरीचा मायनस काढूनच काम करा. घरटं काढताना हातात मोजे आणि तोंडाला रुमाल बांधा. दुसरी वायर शाबूत दिसत असली तरी वाकवून बघा, दात लागलेला असतो आणि डोळ्याला दिसत नाही.